घोडेस्वारीच्या शिबिरात मुलाचं नाव घातलंय? पहिले दोन दिवस तो खालीच राहू द्या

शाळांना सुट्टी लागली की पोहणं, कराटे, चित्रकला यांच्या जोडीला आता घोडेस्वारी शिबिरांच्या जाहिरातीही मोबाइलवर येऊ लागतात. ईश्वरपूरसारख्या (पूर्वीचं इस्लामपूर) ऊसपट्ट्यात मुलांना घोडा दिसतो तो वरातीत, वारीतल्या रिंगणाच्या व्हिडिओत, नाहीतर रानात मेंढरं बसवायला आलेल्या धनगरांच्या बिऱ्हाडासोबत. महाबळेश्वर-पाचगणीला एखादी फेरी झालेली असते, पण तिथे लगाम दुसऱ्याच्याच हातात. त्यामुळे शिबिरातून घरी आलेल्या मुलाची पहिली तक्रार ठरलेली असते, ‘अजून बसवलंच नाही!’

ही तक्रार ऐकून लगेच फोन लावू नका. बसवलं नाही, हे चांगलं लक्षण आहे.

घोड्याला काय दिसत नाही?

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने जवळपास ३५० अंशांचा परिसर त्याला एका वेळी दिसतो. दिसत नाही ते शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळासमोरचं, नाकाखालचं. आणि मुलं नेमकी तिथेच जातात! मागून पळत येतात किंवा समोरून थेट नाकावर हात ठेवतात. अचानक काही जाणवलं की घोडा बुजतो, मागे असेल तर लाथ झाडतो. म्हणून पहिला धडा असा की, त्याच्याशी बोलत, खांद्याच्या बाजूने तिरकं जायचं. कान पुढे असतील तर त्याचं लक्ष आहे, मानेला चिकटून मागे गेले असतील तर तो रागावलाय.

दुसरा धडा दोरीचा. गोठ्यात वावरलेल्या पोरांना दावं हाताला गुंडाळायची सवय असते. घोड्याच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. तो उधळला तर गुंडाळलेली दोरी मुलाला फरपटत नेते. दोरी घड्या घालून मुठीत धरायची आणि घोडा बांधताना एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारायची.

मग खरारा. अंगावरची धूळ झाडणं, खुरातले खडे काढणं ही मोतद्दाराची कामं मुलांकडून करून घेतली की अर्धी भीती तिथेच जाते. बुजलेला नवशिका लगाम ओढून धरतो, त्याने घोड्याचं तोंड दुखतं आणि तो आणखी बिथरतो.

प्रत्यक्ष बसताना डावीकडून चढायचं. घोडदळात तलवार डाव्या कमरेला असायची, तेव्हापासूनची ही रीत. रिकिबीत पाऊल अर्धंच घालायचं, टाच खाली. आधी साधी चाल, ती अंगात बसली की दुडकी. भरधाव दौड आठ-दहा दिवसांच्या शिबिरात कोणी शिकवत असेल तर सावध व्हा.

पैसे भरण्याआधी

घोडेस्वारीचं हेल्मेट मुलाच्या मापाचं आहे का, ते विचारा. सायकलचं चालत नाही. बुटाला छोटी टाच हवी, नाहीतर पाऊल रिकिबीतून पलीकडे जाऊन अडकतं. सँडल तर नकोच. तबेल्यातल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, त्यामुळे वयाच्या १० व्या वर्षीची टीडी लस राहिली असेल तर आधी घ्या. ग्लँडर्स हा घोड्यापासून माणसाला होऊ शकणारा आजार आहे, घोड्यांच्या रक्ततपासणीचा दाखला मागायला संकोच नको. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची तुकडी असेल तर ती घोडा आणि मूल दोघांनाही जाचक.

एकदा तबेल्यात स्वतः जाऊन या. पाणी, सावली आहे का पाहा आणि खोगीर उतरवायला सांगून घोड्याची पाठ बघा. तिथे जखम दिसली तर दुसरं शिबिर शोधा.