पेठेचा फॉरवर्ड

पहाटे ५:४५. दिवसाचं पहिलं काम गुडघ्याचं. डावा. पलंगावर बसूनच पाय सरळ करायचा, वाकवायचा, पुन्हा सरळ. कट्‌ असा आवाज येतो. आवाज आला तरी चालतं, कळ यायला नको. आज कळ नाही. मग बाम, त्यावर क्रेप बँडेज. बूट हातात घेऊन तो नुसत्या सॉक्सवर जिना उतरतो, कारण खालच्या काकी रात्री उशिरा झोपतात. उंची सहा फूट दोन इंच. जुन्या घराच्या चौकटीपाशी मान आपोआप खाली जाते.

तो लागोसचा. नाव लिहीत नाही, कारण हा दिवस एकट्याचा नाही. करोनाच्या आधीच्या सीझनांत कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांकडून खेळायला आलेल्या अशा दोघा-तिघांचा मिळून तो केला आहे.

६:१५. गांधी मैदान. एका कडेला चालायला आलेली म्हातारी माणसं, दुसऱ्या कडेला क्रिकेट. मधल्या तुकड्यात फुटबॉल. संघातला एक जण उद्यमनगरात लेथवर आहे, एक टेम्पो चालवतो, दोघं कॉलेजात. लेथवाल्याला आठला कामावर हजर व्हायचं असतं, म्हणून सरावाला उशीर चालत नाही. खेळणं हीच नोकरी असलेला संघात हा एकटाच.

सामना आजच आहे, तेव्हा पळापळ नाही. नुसते पास. कोच कडेनं ओरडतात, "तू बस्स कर, भावा. जा आता." तो थांबतो. पाय वापरायचे किती, याचाही हिशेब असतो.

७:४५. दूधकट्टा. म्हैस शेजारीच उभी, समोर धार काढून ग्लास हातात. पेठेतल्या पोरांच्या मते याच्याशिवाय ताकद येत नाही. पहिल्या महिन्यात त्यानं दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा पोट बिघडलं. आता तो शेजारून सहा अंडी आणि अर्धा डझन केळी घेतो. साठ रुपये. हे त्याच्या खिशातले. महिना तीस हजार, खोली आणि खानावळ तालमीची, असं बोलणं झालंय. तीसपैकी दहा एक नगरसेवक देतात. बाकीचे वर्गणीतून आणि एका सराफाकडून.

९:३०. कागद. हा भाग फुटबॉलच्या कुठल्याच फोटोत येत नाही. परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांत घरमालकानं फॉर्म-सी भरायचा. तो काकींच्या मुलानं ऑनलाइन भरला. मुदतवाढीसाठी पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, भाडेकरार, फोटो. पान दोन रुपये. फोटोत पांढरीच पार्श्वभूमी लागते, म्हणून पुन्हा फोटो, ऐंशी रुपये. सीझनच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट अडकलं होतं. आधीच्या देशाच्या महासंघाकडून ते आल्याशिवाय इथं नोंदणी होत नाही. तोवर त्यानं तालमीचे सामने प्रेक्षकांत बसून बघितले. न खेळलेल्या दिवसांचा पगार धरायचा की नाही, यावर अजून बोलणं झालेलं नाही.

येताना कोपऱ्यावरच्या मामांकडून बूट घेतो. पुढचा तळवा सुटला होता. शिलाई आणि सोल्युशन, चाळीस रुपये. मामा स्टड दाबून बघतात. "ह्यो सीझन काढंल," म्हणतात. नवा जोड सहा हजारांचा.

११:००. खानावळीचा डबा आलाय. चपात्या तो बाजूला ठेवतो. पातेल्यात पाणी उकळून रवा टाकतो आणि लाकडी उलथन्यानं घोटत राहतो. घट्ट गोळा होतो. घरी हे कसावाचं करतात, इथं रव्यावर भागतं. सोबत टोमॅटो-कांद्याचा रस्सा, वर काकींनी दिलेली कोल्हापुरी चटणी. तिखटाची त्याची तक्रार नाही. उलट तांबड्या रश्श्याची एवढी चर्चा कशासाठी, असा त्याला प्रश्न पडतो. कोल्हापूरकराला हे पचणार नाही, पण लिहायला हवं.

"एवढंच खातोस?" काकी जिन्यातून विचारतात.

"काकी, मॅच," तो म्हणतो. दोघांचं बोलणं एवढ्यावर भागतं.

१२:१५. आडवा पडतो. झोप येत नाही. दारात गल्लीतला सतरा वर्षांचा पोरगा उभा. त्याला बाहेर खेळायला जायचंय. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून पेठेतल्या बऱ्याच पोरांना जायचंय. पोरगा विचारतो, एजंट कसा शोधायचा? तो उठून बसतो. एजंटाला आधी पैसे देऊ नकोस, म्हणतो. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नकोस. पोराला हे ऐकायचं नव्हतं. तो युरोपचं विचारत राहतो.

२:३०. शाहू स्टेडियम. दोनचा सामना चालू आहे, यांचा चारला. तोवर बांधाबांध. घोट्याला टेप, गुडघ्याला पट्टी, त्यावर नी-कॅप, मग स्टॉकिंग आणि शिनगार्ड. टेपची गुंडाळी जपून वापरायची, तीन सामने पुरवायची. बाहेर गॅलरी भरत आलीय. पिपाण्या, झेंडे, दोन पेठांमध्ये पोलीस.

४:००. सुरुवात. त्याच्यावर दोन बॅक लावलेत. त्यातला एक वायरमन आहे, बुटका आणि चिवट. पहिल्याच उंच चेंडूला तो पाठीत कोपर घालतो. रेफरीला दिसत नाही, गॅलरीला दिसतं. त्यावरून पाचेक मिनिटं शिव्यांची देवाणघेवाण चालते.

पूर्वार्धात त्याच्या पायाला चेंडू मोजका लागतो. एक शॉट बारवरून जातो. लगेच मागून आवाज, "पैसे कशाचे घेतोस रे?" मराठी त्याला फारशी कळत नाही, पण 'पैसे' कळतं. परदेशी गड्यानं गोल मारला तर ते त्याचं कामच. चुकवला तर वर्गणी बुडाली.

उत्तरार्धात उजवीकडून लेथवाला क्रॉस टाकतो. हा दोघांच्या मधून उठतो आणि हेडर. जाळी हलते. गॅलरी पार वेडी होते. तो मात्र उतरताना डाव्या पायावर आलाय. हात वर करतो, पण पोरांबरोबर पळत नाही. चालत मध्यरेषेवर येतो. पुढची पंधरा मिनिटं तो लंगडत नाही, फक्त वळायचं टाळतो. वायरमनला ते कळतं. एक-शून्य.

५:५०. कुणी पाचशे देतं, कुणी शंभर. एक आजोबा वीसची नोट हातात कोंबतात आणि गालाला हात लावतात. एकूण अठराशे वीस. तीनशे तो क्रॉसवाल्याला देतो. तो घेत नाही, मग घेतो.

७:००. मासळीवाल्याकडून बर्फ, तीस रुपये. बादलीत पाय. गुडघा सुजलाय. डॉक्टरांनी मागेच एमआरआय लिहून दिलाय. कागद उशीखाली आहे. त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे बोलण्यात नव्हतं.

८:१५. लागोसला पावणेचार. आई फोनवर. धाकट्या बहिणीची फी. तो गोल सांगतो, गुडघा सांगत नाही. आई विचारते, टीव्हीवर दाखवतात का? मोबाइलवर दाखवतात, तो म्हणतो. ते खोटं नाही.

९:३०. सेक्रेटरी येतात, हातात पेढ्यांचा पुडा. खूश आहेत. बसतात, गुडघा बघतात, मग मोबाइल काढतात. एका एजंटानं व्हिडिओ पाठवलाय. घानाचा फॉरवर्ड, एकवीस वर्षांचा.

"बघ जरा. तुला कळतं त्यातलं. कसा वाटतो?"

तो पूर्ण बघतो. एक तुकडा मागे नेऊन पुन्हा बघतो.

"वेग चांगला आहे. डावा पाय नाही."

"पंचवीस मागतोय."

तो मोबाइल परत देतो आणि गेल्या महिन्याचे राहिलेले बारा हजार मागतो.

"शुक्रवारी," सेक्रेटरी म्हणतात. "पेढा घे."