सहा मिलिमीटरची चकती

जुलैत पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर भातलावणी जोरात असते आणि त्याच सुमारास गावोगावी लहान मुलांना जुलाब लागतात. पावसाचं पाणी उतारावरचं सगळं धुऊन झऱ्यात आणि विहिरीत आणतं. ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, पण गढूळ पाण्यात क्लोरिन लवकर संपतं. मूल मलूल झालं की घरात सिरपची बाटली येते. त्यात बरेचदा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल ही जोडी असते.

लहान मुलांच्या पातळ जुलाबांमागे पुष्कळदा विषाणू असतात. त्यातला सर्वांत त्रासदायक रोटाव्हायरस पुणे जिल्ह्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत त्यावर वर्षानुवर्षं काम झालं. रोटाव्हॅक लशीच्या चाचणीत ६,७९९ बाळं होती आणि तिच्या तीन ठिकाणांपैकी एक होतं शिरूर तालुक्यातलं वढू. या विषाणूवरची लस २०१९ पासून महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात आहे. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो आतड्यात मुक्कामाला असलेल्या निरुपद्रवी जीवाणूंवर. त्यातले औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात आणि वाढतात.

रक्ती आव पडली, की मात्र गोष्ट वेगळी. इथे संशयित असतो शिगेला हा जीवाणू, आणि योग्य अँटिबायोटिक मुलाचा जीव वाचवतं. प्रश्न एवढाच, की योग्य कुठलं?

त्याचं उत्तर प्रयोगशाळेत ज्या पद्धतीने शोधतात, ती बाउअर आणि कर्बी यांच्या नावाने १९६६ पासून रूढ आहे. आधी शौचाचा नमुना एक्सएलडी नावाच्या लाल माध्यमावर पसरतात. ई. कोलाय वाढला तर ते पिवळं पडतं, शिगेलाच्या वसाहती लालच राहतात. दुसऱ्या दिवशी संशयित वसाहत उचलून तिची ओळख पक्की करायची. मग तिचं ठरावीक गढूळपणाचं द्रावण करून म्युलर-हिंटन अगारच्या ताटलीवर कापसाच्या बोळ्याने सारवायचं. अगारची जाडी ४ मिलिमीटरच हवी. थर जाड झाला तर औषध खोलवर मुरतं आणि निकाल फसवा येतो. त्यावर औषध भिनवलेल्या, ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवून ताटली ३५ अंशांच्या उबेत १६ ते १८ तास ठेवतात. सकाळी ताटलीभर जीवाणूंची दुधी साय दिसते, आणि औषध लागू पडलं असेल तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल. तो पट्टीने मोजायचा.

नुसत्या मापावर मात्र काही ठरत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनभोवती २७ मिलिमीटरचा गोल आला, तर अमेरिकी सीएलएसआय निकषांनुसार शिगेला त्या औषधाला बळी पडणारा ठरतो. तोच गोल साल्मोनेलाभोवती असेल तर निकाल मधल्या, संशयाच्या गटात जातो. जेंटामायसिनचं तर याहून अवघड. त्याच्याभोवती छान मोठा गोल येईल, पण शिगेला आतड्याच्या पेशींच्या आत शिरून बसतो आणि हे औषध तिथे नीट पोचत नाही. म्हणून शिगेलाच्या अहवालात ‘जेंटामायसिन चालेल’ असं लिहूच नये, असा नियम आहे. चांगला सूक्ष्मजीवतज्ज्ञ काय लिहायचं नाही हेही जाणतो, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

प्रतिकार एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, हेही आवेच्याच जंतूंनी शिकवलं. १९५०च्या दशकात जपानमध्ये एकाच वेळी चार औषधांना न जुमानणारा शिगेला सापडू लागला. हा गुण आतड्यातल्या ई. कोलायकडून शिगेलाकडे आयता जाऊ शकतो, हे १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं. सिरपच्या अनावश्यक डोसांनी आपण मुलाच्या पोटात जे पोसतो, ते उद्या खऱ्या रोगजंतूच्या हाती लागतं, ते असं.

वेल्ह्याची अडचण ताटलीच्या आधीची आहे. शिगेला शौचात फार काळ तग धरत नाही. नमुना दोनेक तासांत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. वेल्हे गावापासून पुणं सुमारे साठ किलोमीटर, आणि केळदसारखं गाव त्याहून आत, घाटमाथ्याच्या टोकाला. अशा वाटेसाठी कॅरी-ब्लेअर माध्यमाची नळी असते. १९६४ मध्ये तयार झालेलं हे माध्यम जंतूंना वाढू देत नाही, पण मरूही देत नाही. नळी थंड ठेवली तर एक-दोन दिवस मिळतात. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतलेला हवा, नाहीतर ताटलीवर शिगेला बहुधा उगवत नाही आणि अहवाल नुसता ‘जंतू आढळला नाही’ म्हणतो.

अहवालाला तीन दिवस लागतात. तोवर मुलाला थांबवता येत नाही. ओआरएस लगेच सुरू, झिंक १४ दिवस, आणि आवेत रक्त असेल तर डॉक्टरांनी अंदाजाने अँटिबायोटिक द्यायचंच. तो अंदाज कशाच्या आधारावर करायचा, यासाठीच या ताटल्या हव्यात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतली मुलं बहुधा आधी दोन-तीन औषधं घेऊन आलेली असतात. त्यांच्या आकड्यांवरून डोंगरातल्या मुलाचा जंतू ओळखणं मला पटत नाही. भोर-वेल्ह्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पावसाळ्यापुरत्या तरी कॅरी-ब्लेअरच्या नळ्या असाव्यात, आणि रक्ती आवेच्या प्रत्येक मुलाचा नमुना डोसआधी घेऊन पुण्याला जावा. सोबतच्या कागदावर वय, गाव, पिण्याचं पाणी कुठलं आणि आधी काय औषध दिलं, एवढं लिहिलं तरी पुरे. औषधाचं नाव आईला आठवत नसेल, तर आशाताईंनी घरातली बाटली मागवून घ्यावी.