टिंब आणि चाळणी

संगणकाच्या एका कप्प्यात शेकडो फाइली साठल्या, तरी त्यांची यादी मागविणे सोपे असते. यादीतून हवी ती नावे निवडणे, हे खरे काम होय. आज्ञा टंकून चालविल्या जाणाऱ्या युनिक्स प्रणालीत 'एलएस' ही आज्ञा यादी देते. बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्पसन यांची 'ग्रेप' ही आज्ञा 1973 साली युनिक्समध्ये आली. त्याच वर्षी, डग मॅक्इलरॉय यांच्या कल्पनेतून, एका आज्ञेचे फलित दुसरीस पुरविणारी 'पाइप'ची सोय झाली. यादी हे धान्य; ग्रेप ही चाळणी.

परंतु ही चाळणी अक्षरे पाहते. अर्थ जाणत नाही. समजा, चेन्नईच्या नकाशांतून 'टी.नगर' हवे आहे. ग्रेपच्या लेखी टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. म्हणून 'टी-नगर' हेही निवडले जाते. 'टीनगर' मात्र सुटते. टिंबास टिंबच मानावयाचे, तर नमुना अवतरणचिन्हांत लिहून टिंबापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

याहून मोठी अडचण नावाची आहे. सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव दिलेल्या या वसाहतीचे पूर्ण नाव त्यागरायनगर. त्या नावाची फाइल वरील नमुन्याने हाती लागणार नाही, आणि शोधणाऱ्यास वाटेल की नकाशाच नाही. निवडलेल्या फाइली पुसावयाच्या असतील, तर यादी आधी डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे. कारण आज्ञेने पुसलेली फाइल सहसा परत मिळत नाही.