एका अक्षराची विकृती : सिकलसेल आणि आपली पांडुचिकित्सा

पांडुरोगाचा रुग्ण समोर आला की लोहभस्म, मांडूर, नवायस यांपैकी एखादा कल्प आपल्या लेखणीतून सहज उतरतो. पुष्कळदा तो योग्यही असतो. परंतु विदर्भात किंवा नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंनी तेथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. कारण पेशीतील प्रथिननिर्मितीत आहे.

प्रथिन कसे घडवावे याची आज्ञा पेशीकेंद्रातील डीएनएमध्ये लिहिलेली असते. तिची प्रत एमआरएनएच्या रूपाने केंद्राबाहेर येते आणि रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. चार अक्षरांचे असे ६४ गट होतात. त्यांपैकी ६१ गट २० अमिनो आम्लांचे निदर्शक, तर ३ गट विरामाचे. टीआरएनए हा वाहक एका टोकाने गट ओळखतो व दुसऱ्या टोकावर त्याचे नेमके अमिनो आम्ल वाहून आणतो. ही लिपी उलगडणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खुराना होते. १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या स्थानी ‘जीएजी’ऐवजी ‘जीयूजी’ येते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. रायबोसोमची येथे काहीच चूक नाही. दूषित पाठ तो प्रामाणिकपणे वाचतो. प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन परस्परांस चिकटते, रक्तकण विळ्यासारखा वाकतो आणि १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच नष्ट होतो. म्हणजे हा पांडू लोहाच्या अभावाचा नव्हे. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात तर लोहाचा संचयच होतो. (चरकाचार्यांना डीएनए ज्ञात होता, असे सांगण्याचा मोह काहींना होतो, आम्हांस तो पटत नाही. बीजदोषातून व्याधी संततीत उतरतो हा विचार मात्र संहितांत आहेच.)

सांधे व हाडे दुखतात म्हणून आमवात, डोळे पिवळे म्हणून कामला, असे निदान येथे सहज होऊ शकते. त्यानंतर विरेचन किंवा तीव्र स्वेदन योजले, तर शरीरातील जलांश घटून वेदनेचा झटका ओढवू शकतो. म्हणून सोल्युबिलिटी चाचणी व त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावी. लोहकल्प फेरिटिन पाहूनच द्यावा. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानास आरंभ झाला. तपासणी हा त्याचा मुख्य भाग आहे. औषधालयचालकांनीही केवळ ‘रक्त कमी आहे’ या शब्दावर लोहकल्प देऊ नये.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध बीटा साखळीतील अक्षर दुरुस्त करीत नाही. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते व त्यायोगे झटके कमी होतात. रुग्ण ते घेत असल्यास आपल्या कल्पासाठी ते परस्पर बंद करावयास सांगू नये.