चांद्यास गेल्यावर उतरावें कोठें?

परगांवीं जाण्याचा बेत ठरला म्हणजे आमच्या घरांत प्रथम तिथि पाहतात, मग गाडीची वेळ पाहतात, आणि शिदोरीला दशम्या घ्याव्या कीं पुऱ्या यावर बायकांचा खल होतो. उतरावें कोठें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या गांवीं कोणीतरी आप्त असावयाचेच. दहाबारा माणसांचा तांडा त्यांच्या दारांत नेऊन उभा केला, कीं झालें! साठी येईपर्यंत मीहि असाच वागत आलों. परंतु चंद्रपुरास एका रात्रीं जें माझ्या दृष्टीस पडलें, त्यानें हा शिरस्ता मोडला. ती हकीकत सांगण्यापूर्वीं त्या गांवाची थोडी ओळख करून देतों. कारण मुक्काम कोठें करावा हें गांव कसें वसलें आहे यावरच पुष्कळसें अवलंबून असतें.

आमच्या मारेगांवाहून चंद्रपूर फार दूर नाहीं. वणी गांठावी, घुग्घुसच्या वाटेनें वर्धा नदी ओलांडावी, कीं दोनअडीच तासांत चंद्रपूर येतें. आज हें एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत जाणें एवढेंच. परंतु आमच्या आज्यांच्या काळीं वर्धेच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे मध्यप्रांत होता. जुनीं माणसें अद्यापि या शहरास 'चांदा'च म्हणतात. रेल्वेचीं येथें दोन स्थानकें आहेत, त्यांपैकीं एकानें 'चांदा फोर्ट' हें नांव आजहि टाकलेलें नाहीं. गोंदियाकडून येणाऱ्यानें चांदा फोर्टला उतरावयाचें, आणि वर्ध्याकडून किंवा बल्लारशाहकडून मोठ्या मार्गानें येणाऱ्यानें चंद्रपूर स्थानकावर. ही गोष्ट आधीं न कळल्यामुळें एका स्थानकावर पाहुणे आणि दुसऱ्या स्थानकावर यजमान, असा प्रकार आमच्याच घरीं एकदां घडला आहे.

हें नगर गोंड राजांचें. आख्यायिका अशी, कीं बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहाचा त्वचारोग झरपट नदीच्या पात्रांतील कुंडाच्या पाण्यानें बरा झाला. पुढें त्याच रानांत एक ससा उलट कुत्र्याच्या पाठीस लागलेला त्यानें पाहिला, आणि ज्या वाटेनें तो ससा धांवला त्या वाटेवर परकोट आंखविला. आख्यायिका खरी असो वा नसो, परकोट मात्र खरा आहे आणि पुष्कळसा उभा आहे. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि पांच खिडक्या आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभीं राणी हिराईनें आपला पति बीरशहा याची समाधि बांधविली. महाकालीच्या देवळाशींहि याच राणीचें नांव जोडलेलें आहे. १७५१ सालीं हें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं शहर जिंकलें, आणि १८५८ च्या २१ ऑक्टोबरला बाबुराव शेडमाके यांस याच शहरांत फांशी देण्यांत आलें. अलीकडे परकोटावर झाडेंझुडपें माजलीं होतीं; २०१७ सालीं इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं खपून तीं काढण्याचें काम हातीं घेतलें. गांवाविषयीं आस्था असणें म्हणजे काय, हें त्या मुलांकडून शिकावें.

आतां मुक्कामाचा विचार. येथें वाटा मुख्यतः तीन. पहिली, परकोटाच्या आंत राहण्याची. पहांटे उठून पायींच दरवाजे पाहतां येतात, सकाळची वस्ती जागी होतांना दिसते, आणि जुन्या गांवाचा वास नाकांत बसतो. पण गल्ल्या अरुंद, गाडी दारापर्यंत येईलच असें नाहीं, आणि जुन्या घरांचे जिने उभे. दुसरी वाट जटपुरा दरवाजाच्या बाहेर, बसस्थानक व रेल्वे यांच्या अंगास राहण्याची. तेथें लॉज पुष्कळ, वाहनें केव्हांहि मिळतात. पण रात्रभर कर्णे वाजत राहतात आणि आपण चांद्यास आलों आहों कीं आणखी कोठें, तें कळत नाहीं. तिसरी, महाकालीच्या देवळाच्या आसपास, झरपटेच्या बाजूस. देवीचें दर्शन हाच मुख्य हेतु असेल तर ही जागा सोयीची. अंचलेश्वराचें देऊळ व गोंड राजांच्या समाध्याहि त्याच बाजूस आहेत. परंतु चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत मराठवाडा व तेलंगणाकडील यात्रेकरूंची तेथें इतकी दाटी होते, कीं कित्येक कुटुंबें झाडांखालींच उतरतात. त्यांतून चांद्याचा उन्हाळा! पारा पंचेचाळीस अंशांना सहज भिडतो. लहान मुलें व म्हातारीं माणसें बरोबर असतील, तर यात्रेचे दिवस टाळून मार्गशीर्ष-पौषांत जावें. ताडोबाचें जंगल पाहावयाचें असेल, तर एखादी रात्र मोहर्लीच्या बाजूस काढावी. शहरांतून पहांटेची धांवपळ करणें म्हाताऱ्यांना झेपत नाहीं. तेथें पावसाळ्यांत गाभ्याचा भाग बंद असतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

या तीन वाटांखेरीज चौथी वाट म्हणजे आप्तांचें घर. आम्हीं तीच धरली होती. २०१९ च्या चैत्रांत आईनें महाकालीच्या दर्शनाचा ध्यास घेतला. आई त्र्यायशीं वर्षांची. आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका, मुलें, सुना, नातवंडें मिळून अकरा माणसें परकोटांतल्या आमच्या आतेबहिणीच्या घरीं उतरलों. तिला आम्ही अक्का म्हणतों. घर दोन खोल्यांचें व वर एक माडी. अक्कानें आईला मिठी मारली, आणि तिच्या सुनेनें आमच्यासाठीं सगळें घर मोकळें केलें. ही सून एका शाळेंत शिक्षिका आहे. चार दिवस आम्हीं आमरस खाल्ला, गप्पा मारल्या, दुपारीं ओले पडदे लावून झोपलों. नळाला पाणी एक दिवसाआड येई. तें कोण भरीत होतें याचा विचार आमच्यापैकीं एकाहि पुरुषाच्या मनांत आला नाहीं.

तिसऱ्या रात्रीं मला तहान लागली म्हणून मी उठलों. एक वाजला असावा. स्वयंपाकघरांत दिवा होता. अक्काची सून ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, आणि मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मला पाहून ती उठूं लागली. "मामा, झोप नाहीं का लागत? पाणी देऊं?"

मीं म्हटलें, "हें काय, एवढ्या रात्रीं?"

"दिवसां जमलें नाहीं. उद्यां गुण द्यावयाचे आहेत शाळेंत."

तिच्या बोलण्यांत तक्रारीचा लवलेश नव्हता. तिचें टेबल माडीवर होतें, आणि माडीवर आमचीं अंथरुणें होतीं. मीं छत्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. पण माझ्या टेबलावरून मला कोणीं कधीं उठविलें नव्हतें. मी तिच्यासमोर बसलों आणि म्हटलें, "बेरजा मी करतों." ती नको नको म्हणत होती, शेवटीं तिनें अर्धा गठ्ठा माझ्याकडे सरकविला. तपासलेल्या पेपरांच्या बेरजा पाहतां पाहतां एक पेपर हातीं आला. मुलाचे गुण त्रेचाळीस होत होते, आणि वर मांडले होते चौतीस. पस्तिसाला पास. मीं तो पेपर तिच्यापुढें धरला. तिनें पाहिला, पुन्हां पाहिला, आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या हातून अशी चूक होत नाहीं हो, मामा," एवढेंच ती म्हणाली.

मला ठाऊक होतें, कीं ती चूक तिची नव्हती. अकरा माणसांच्या दोन वेळच्या पोळ्या त्या आंकड्यांत उतरल्या होत्या. ज्या मुलाचें नांव मला माहीत नाहीं, तो आमच्या पाहुणचारापायीं नापास होत होता.

अतिथीला देव मानणारी आपली परंपरा आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. परंतु तो अभिमान यजमानानें बाळगावयाचा. पाहुण्यानें त्यावर हक्क सांगावयाचा नाहीं. मनुस्मृतींत अतिथि कोणास म्हणावें याची व्याख्याच आहे: जो एक रात्र राहतो, तो अतिथि, ज्याची स्थिति नित्य नव्हे, म्हणून तो अतिथि. एकच रात्र! आम्ही चार दिवस राहिलों होतों, म्हणजे पहिल्या रात्रीनंतर आम्ही अतिथि उरलों नव्हतों, नुसता भार झालों होतों. हा शब्द मीं वर्गांत वर्षानुवर्षें सोडवून दाखविला, आणि त्याचा अर्थ मला कळला तो चांद्याच्या एका स्वयंपाकघरांत.

परदेशांत हा प्रश्न कसा सोडवितात, हें वाचून मला नवल वाटलें. कॅरिबियन समुद्रांतील क्यूबा बेटावर हवाना हें असेंच जुनें तटबंदीचें शहर. त्याचा तट १८६३ पासून पाडण्यांत आला, तरी आंतील जुनी वस्ती पाहावयास जगांतून लोक येतात, आणि जुन्या भागांत राहावें कीं बाहेर नव्या भागांत, याचाच खल करितात. तेथें १९९७ पासून सामान्य गृहस्थांस आपल्या घरांतील खोली प्रवाशांना भाड्यानें देण्याची मुभा मिळाली. पाहुणा घरांतच राहतो, घरचेंच खातो, पण घरधणिणीच्या श्रमाचें मोल मोजून देतो. आपल्याकडे आप्तांस पैसे देऊं केले तर तो अपमान होईल. म्हणून पैसे नव्हे, पण श्रम तरी वांचवावे.

२०२२ च्या मार्गशीर्षांत आईनें पुन्हां चांद्याचें नांव काढलें. मीं लॉजवर उतरण्याचें ठरविलें. धाकटा भाऊ रागावला. "अक्का काय म्हणेल? घर असतांना लॉज!" अक्काहि दूरध्वनीवर क्षणभर गप्प राहून म्हणाली, "आमचें घर आतां लहान झालें वाटतें." खरें कारण सांगावें, तर तिच्या सुनेनें गाऱ्हाणें केलें असें अक्काला वाटावयाचें. म्हणून मीं सांगितलें, "आईला माडीचा जिना चढवत नाहीं." हें खोटें नव्हतें, पण पुरतें खरेंहि नव्हतें.

त्याची शिक्षा लगेच मिळाली. लॉजवाल्यानें दूरध्वनीवर तळमजला कबूल केला होता. प्रत्यक्षांत खोल्या दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद! दोघां नातवांनीं आजीला खुर्चींत बसवून वर नेलें. हें ऐकून अक्का इतकी हंसली, कीं तिचा रुसवा तेथेंच विरला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तळमजल्याची दुसरी जागा पाहिली.

त्या अनुभवावरून सांगतों: जागा ठरवितांना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्या, आणि शक्य तर घरांतील एकानें आधीं जाऊन पाहून यावें. खोली कितव्या मजल्यावर व पायऱ्या किती; पाणी दिवसभर असतें कीं ठराविक वेळीं; शौचकूप खुर्चीचें आहे कीं बैठें; आणि रिक्षा दारापर्यंत येते कीं नाहीं. भाड्याची चौकशी त्यानंतर. आप्तांना आगाऊ कळवून एक वेळ जेवावयास जावें, जातांना भाजी-फळें न्यावीं, जेवणानंतर आपल्या बायकांनींच नव्हे, पुरुषांनींहि पानें उचलावीं. आणि एक वेळ त्यांना आपल्याकडे बोलवावें.

आम्हीं तसेंच केलें. शेवटच्या दिवशीं अक्का आणि तिची सून लॉजवर आल्या. माझ्या थोरल्या सुनेनें खालच्या उपाहारगृहांतून चहा व पोहे मागविले. अक्का आईजवळ पलंगावर बसली. तिच्या सुनेनें चपला काढल्या, पाय वर घेतले, आणि खुर्चींत मागें टेकून दोन्ही हातांत कप धरून ती चहा पीत राहिली. त्या घरीं मीं इतक्या वेळां जेवलों होतों. पण तिला स्वस्थ बसलेली मीं त्या दिवशीं प्रथम पाहिली.