घरात कापूस, अंगणात शेकोटी

दसरा गेला की वऱ्हाडात कापसाची वेचणी लागते. सीतादही होते, बाया वावरात जातात आणि पाहता पाहता घरात पांढरा ढीग उभा राहतो. अकोला-अमरावतीकडच्या खेड्यांत ही नेहमीचीच गोष्ट. भाव चढेल म्हणून आपण कापूस ठेवतो. दुसरी जागा नसते म्हणून राहत्या घरातच ठेवतो. पुढच्या खोलीत ढीग, मागच्या खोलीत चूल, आणि ढिगावर लेकरे उड्या मारतात. कधी कधी संक्रांत आली तरी ढीग हालत नाही.

याच दिवसांत घरी विस्तवही जास्त. दिवाळीच्या पणत्या आणि फटाके, पहाटेची शेकोटी, चंपाषष्ठीचे रोडगे, मग हुरड्याची आगटी. कापूस आणि विस्तव हे दोघे एकाच वेळी घरी पाहुणे येतात. त्यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढेच आपले काम.

कापसाची आग लाकडाच्या आगीसारखी नाही. लाकूड पेटले की जाळ दिसतो. कापसावर ठिणगी पडली की कधी वरवर भपका उठतो आणि लगेच बसतो. "इझली बाप्पा!" म्हणून आपण जेवायला बसतो. पण ती विझलेली नसते. कापसाच्या धाग्याधाग्यांत हवा अडकलेली असते. तेवढ्या हवेवर ठिणगी आत आत सरकते. जाळ नाही, धूरही थोडाच. अशी ती रात्रभर धुमसते, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही. मग कोणी ढीग हालवला, वारा लागला, की एकदम भडकते. शिवाय आत सरकी आहे. सरकीत तेल आहे, हे काय तुम्हाला सांगावे!

मग पाणी ओतले की झाले? तसेही नाही. आम्ही शाळेत मुलांना एक गंमत दाखवत असू. ती तुम्हीही करून पाहा, तिला विस्तव लागत नाही. बोंडातला चिमूटभर कापूस पाण्याच्या वाटीत टाका. तो तरंगत राहतो, भिजत नाही. अळूच्या पानावरून पाणी घरंगळते, तसे त्याच्यावरून घरंगळते. कच्च्या कापसाच्या धाग्यावर निसर्गाने मेणासारखा लेप दिलेला असतो. दवाखान्यातल्या कापसाचा तो लेप काढलेला असतो, म्हणून तो चटकन पाणी पितो. आपल्या ढिगावर घागर ओतली तर वरचा थर ओला होतो आणि आतली आग सुकीच राहते.

बंब हाताशी असूनही कापसाची आग आवरली नाही, अशी एक गोष्ट मुंबईत घडलेली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी पुष्कळ पाणी सोडले, पण आग नेमकी कोठे आहे तेच सापडेना. ती कापसाच्या आत होती. चार वाजून गेले आणि दारूगोळा उडाला. शेकडो माणसे मेली. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्या आठवणीसाठी.

आपल्या घरात दारूगोळा नाही. पण गॅसची टाकी आहे ना! ती आणि कापूस एका खोलीत ठेवू नका. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटणही दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. बटणात बारीक ठिणगी उडते. टाकीचे बटण फिरवून गॅस बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

कापूस चुलीच्या खोलीत नको, हे तर झालेच. ढिगाखालून विजेची वायर नेऊ नका. ढिगावर मोबाईल चार्जिंगला लावून ठेवतात, तेही नको. बिडी ओढायची तर अंगणात जाऊन ओढा. पाहुण्याला हे सांगायला आपल्याला संकोच वाटतो. आमच्या मते वाटू नये. चुलीतली राख कुटाराजवळ किंवा गंजीजवळ टाकू नका. वरून थंड दिसली तरी तिच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. शेकोटीवर उठताना पाणी ओता, काडीने हालवा, पुन्हा ओता. रॉकेट उडवायचे तर गावाबाहेर, गंजीपासून दूर.

थंडी फार म्हणून निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नाही, रंगही नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही.

आता समजा, ढिगात ठिणगी गेलीच. जाळ उठला असेल तर कापूस वाचवत बसू नका. लेकरे, म्हातारी माणसे बाहेर काढा, दार ओढून घ्या, हाका मारा. नुसता धूर असेल तरी आधी सगळ्यांना बाहेर न्या आणि पाण्याचा ड्रम अंगणात भरून ठेवा. मग दोघांनी मिळून जळका भाग लोखंडी घमेल्यात घेऊन बाहेर आणा. ड्रममध्ये टाका आणि काठीने पाण्याखाली दाबून धरा. राहिलेला कापूसही त्याच दिवशी मोकळ्या जागेत काढून पसरा. त्या रात्री कोणीतरी जागत बसावे. जळका कापूस परत ढिगात मिसळू नका. "चार किलोचे नुकसान कशाला?" असे म्हणणारे घरात एक तरी निघतेच.

लुगड्याच्या पदराने पेट घेतला तर पळू नका. पळाल्याने वारा लागतो. खाली लोळा, किंवा दुसऱ्याने वरून घोंगडी टाकावी. भाजल्यावर वीस मिनिटे साधे थंड पाणी ओतत राहा. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. चिकटलेला कपडा ओढू नका. मग १०८ वर फोन करून गाडी बोलवा.

बंबासाठी १०१, नाही लागला तर ११२. गावाचे नाव, तालुका आणि कोणत्या फाट्यावरून वळायचे ते सांगा. शहरातून गाडी यायला वेळ लागतो, आणि रात्री फाटा ओळखू येत नाही. म्हणून एका पोराला बॅटरी देऊन फाट्यावर उभे करा.