चालतंय ना, मग कशाला?

आपल्या मध्यमवर्गीय घरांत यंत्रांच्या बाबतीत एक वाक्य वेदवाक्यासारखं पाळलं जातं. "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" गीझर असो, मिक्सर असो की पंखा; जोवर तो फिरतोय तोवर त्याला छेडायचं नाही. या वाक्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे आणि मीही ते उभ्या आयुष्यात पाळत आलो. पण अलीकडे उपनगरांतल्या बऱ्याच घरांत एक अशी वस्तू शिरली आहे, की तिच्या बाबतीत हे वाक्य नेमकं उलटं पडतं.

ही वस्तू म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी. आत दोन-चार हार्ड डिस्क, मागे एक वायर, ती इंटरनेटच्या राउटरला जोडलेली. तिचं पाळण्यातलं नाव नेटवर्क अटॅच्ड स्टोअरेज. जाणकार लाडानं 'नॅस' म्हणतात. आमच्या घरी तिला पेटीच म्हणतात, त्यामुळे नव्या पाहुण्याला वाटतं की घरात कुणीतरी गाणारं आहे. घरातल्या सगळ्यांचे फोटो, लग्नाच्या फिती, मुलांच्या मार्कशीटा, जागेच्या कागदांच्या प्रती, सगळं त्या एका पेटीत. पूर्वी हेच काम माळ्यावरची पत्र्याची ट्रंक करत असे.

ट्रंकेचं काय होऊ शकतं हे मुंबईनं 26 जुलै 2005 ला पाहिलं. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कलिना, कुर्ला भागांत तळमजल्यावर राहणाऱ्यांचे अल्बम पाण्यात गेले. त्यानंतर कितीतरी दिवस लोक दोरीवर फोटो वाळत घालत होते, आणि एकमेकांना चिकटलेले फोटो सोडवताना चेहरेच निघून येत होते. फ्रिज नवा घेता येतो हो. आजोबांचा एकुलता एक फोटो कुठून आणायचा? तेव्हा सगळं पेटीत भरून ठेवायचं, हा विचार चुकीचा नाही. फक्त पेटी ही ट्रंक नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. ट्रंकेला डोकं नसतं, पेटीला असतं.

त्या डोक्याला म्हणतात फर्मवेअर. आशर ऑप्लर नावाच्या संगणकतज्ज्ञानं 1967 साली हा शब्द पहिल्यांदा वापरला. यंत्राचा लोखंडी भाग म्हणजे हार्डवेअर, बदलता येणाऱ्या आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मधलं, यंत्राच्या अंगातच मुरवून ठेवलेलं ते फर्मवेअर. मी बँकेत लागलो तेव्हा प्रत्येक शाखेत नियमांचा एक जाडजूड ग्रंथ असे. मुख्य कार्यालयातून सर्क्युलर आलं की दुरुस्तीची चिठ्ठी त्या त्या पानावर डिंकानं चिकटवायची. काही शाखांत चिठ्ठ्यांचे गठ्ठे तसेच ड्रॉवरमध्ये पडून राहत आणि शाखा जुन्याच नियमानं चालत राही. 'चालतंय ना?' चालायचंच. ज्या लबाडीला आळा घालायला ते सर्क्युलर निघालेलं असे, ती लबाडी करणारा माणूस दारात उभा राहीपर्यंत चालायचं.

पेटीचंही हेच. ती इंटरनेटला जोडलेली आहे म्हणजे तिचं एक दार रस्त्यावर उघडतं. त्या दाराच्या कडीतली खोट सापडली, की कंपनी नवं फर्मवेअर काढते. ते आपण घातलं नाही तर काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं 2021 सालच्या जूनचं. वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या 'माय बुक लाइव्ह' नावाच्या पेट्या जगभर घरोघरी होत्या. त्यांचं शेवटचं फर्मवेअर निघालं होतं 2015 मध्ये. त्यानंतर कंपनीनं त्या वाऱ्यावर सोडल्या होत्या. एका सकाळी मालक उठून पाहतात तो पेटी कोरी! कुणीतरी दुरून आत शिरून, पेटी कारखान्यातून आली तशी करण्याची आज्ञा देऊन गेलं होतं. वर्षांनुवर्षांचे फोटो गेले. कंपनीनं पुढे डिस्कमधून माहिती परत काढून देण्याची सोय जाहीर केली, पण ज्याचं गेलं त्याला ती सकाळ विसरता येणार नाही.

दुसरं 2022 च्या जानेवारीतलं. क्यूनॅप या तैवानी कंपनीच्या पेट्यांवर 'डेडबोल्ट' नावाची धाड पडली. फायलींना कुलूप, आणि किल्ली हवी तर 0.03 बिटकॉइन टाका, अशी पाटी. कंपनीनं घाईघाईनं मालकांना न विचारताच नवं फर्मवेअर त्यांच्या पेट्यांत घातलं, त्यावर आरडाओरडा झाला तो निराळाच. पण मला यातला पुढचा भाग फार आवडतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी या चोरांना बिटकॉइन पाठवले, त्यांच्या यंत्रणेनं आपोआप किल्ली पाठवली, आणि व्यवहार पक्का होण्याआधीच पोलिसांनी तो मागे घेतला. अशा 155 किल्ल्या मिळवल्या! क्लिअरिंग व्हायच्या आत चेकवर पैसे देऊ नयेत, हा बँकेतला पहिला धडा त्या चोरांनी गिरवलेला नव्हता.

आता दुसरी बाजू. फर्मवेअर बदलणं हे धोक्याचं काम आहे, ही भीतीही खोटी नाही. जुना नियमग्रंथ पुसून त्याच जागी नवा लिहायचा, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर? तर पेटीला धड जुनं आठवत नाही, धड नवं. काही पेट्यांत जुनी प्रत बाजूला राखून ठेवलेली असते, त्या सावरतात. बाकीच्यांची वीट होते. आपण मुंबईकर वीज जात नाही या गुर्मीत असतो. उरलेल्या महाराष्ट्रानं भारनियमन भोगलं, घरोघरी इन्व्हर्टर बसवले. आपल्याकडे ते क्वचितच दिसतात. पण 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या क्षणी कुणाची पेटी अर्ध्यावर असेल, त्याचं काय झालं असेल देव जाणे.

बोरिवलीला आमच्याच सोसायटीत एक निवृत्त शिक्षक राहतात. नाव घालत नाही. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांच्या पत्नीला जाऊन चार वर्षं झाली. वहिनींनी शेवटच्या आजारात लेकीसाठी आपले सगळे पदार्थ मोबाइलवर बोलून ठेवले होते. मोदकांच्या उकडीचं प्रमाण सांगताना मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि मध्येच त्या "अहो, दार बघा" म्हणतात. हे सगळं मुलानं परदेशातून येऊन पेटीत भरून दिलेलं. पेटीवर नव्या फर्मवेअरची सूचना तीन वर्षं लाल ठिपका होऊन बसली होती आणि सर वेदवाक्य म्हणत होते. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, मी इथूनच एका रात्रीत करून टाकतो." सर म्हणाले, "जे काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे." आणि मला बोलावणं आलं : "तुम्ही बँकेतले. साक्षीला या."

मी पहिला प्रश्न विचारला, "सर, दुसरी प्रत कुठे आहे?"

"आतच आहे की. दोन डिस्का आहेत ना, एकीत लिहिलं की दुसरीत आपोआप उमटतं."

हा घोटाळा भल्याभल्यांचा होतो. ही जोडी एक डिस्क बिघडली तर कामाला येते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींतून एकदमच पुसली जाते, आणि चोर आला तर दोन्ही नेतो. आम्ही पेटीपाशी जाऊन पाहिलं तर एका डिस्कचा दिवा नारिंगी. सर सहज म्हणाले, "एप्रिलमध्ये ही सारखी पीपी करत होती. दुपारी डोळा लागू देईना, म्हणून मुलाला सांगून आवाज बंद करायला लावला." म्हणजे मुलानं तिकडून आवाज बंद केला, आणि तो कशाचा होता हे बापलेकांपैकी कुणीच पाहिलं नाही! सहा महिने वहिनींचा आवाज एकाच डिस्कवर उभा होता.

फर्मवेअर राहिलं बाजूला. त्या रात्री सगळं एका सुट्या डिस्कवर उतरवायला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. मग बँकेच्या सवयीनं हातात पेन्सिल घेऊन यादी केली आणि इथली तिथली वीसेक फाइली उघडून टिका मारल्या. उतरवलं म्हणजे उतरलं असं नसतं, उघडून पाहावं लागतं. लॅमिंग्टन रोडवरून नवी डिस्क आणली, ती बसवल्यावर पेटीला जोडी पुन्हा जुळवायला जवळजवळ एक दिवस लागला.

पुढच्या रविवारी सकाळी, शेजारच्यांचा यूपीएस मागून आणून, आम्ही बसलो. रात्री अशी कामं करू नयेत. काही अडलं तर विचारायला कुणी जागं नसतं. मुलगा व्हिडिओवर. पेटीचा मॉडेल नंबर दोनदा वाचला, कारण एका अक्षराच्या फरकानं भलतंच फर्मवेअर घातलं जातं. तीन वर्षांची थकबाकी असल्यानं एकदम शेवटच्या पायरीवर उडी चालत नव्हती. मधली एक आवृत्ती आधी घालावी लागली. बटण दाबलं. आकडा पुढे सरकू लागला, दिवा लुकलुकू लागला, आणि नवव्या मिनिटाला पडद्यावरून पानच नाहीसं झालं. संपर्क होत नाही, अशी ओळ आली.

सर ताडकन उठले आणि स्विचकडे निघाले. टीव्ही अडला की बंद करून चालू करायचा, हा हाताला लागलेला गुण. मुलगा तिकडून ओरडला, "बाबा, हात लावू नका!" पेटी स्वतःला झोपवून पुन्हा उठवत असते तेव्हा पान जातंच; नेमक्या त्याच वेळी माणसं वीज बंद करतात आणि चांगली पेटी मारतात. आम्ही तिघेही गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळानं एकच 'पीप' झाली. पान आलं. सरांनी उकडीची फाइल उघडली, शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "पाणी तेवढंच आहे."

या पेट्या विकणाऱ्यांबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे. ही पेटी किती वर्षं सांभाळणार, म्हणजे नवं फर्मवेअर कधीपर्यंत देणार, हे खोक्यावर ठळक छापायला काय हरकत आहे? औषधाच्या पट्टीवर तारीख असते, पावाच्या पुड्यावर असते. ज्या पेटीला नवं फर्मवेअर येणं थांबलं, तिची इंटरनेटची वाट राउटरमधूनच बंद करावी आणि घरातल्या घरात ती वापरावी, किंवा सरळ नवी घ्यावी. जुन्या बाजारात स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यानं आधी हे पाहावं.

आणि एक गोष्ट राहिली, पासवर्ड. बँकेत खात्याला नॉमिनी असतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून तर चार नावं लावता येतात. पेटीला नॉमिनी नाही. आमच्याकडे तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या लाखबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवत. सरांनी पासवर्ड कागदावर लिहिला, पाकीट बंद केलं, जोडावर सही केली, आणि ते पाकीट व ती सुटी डिस्क जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून, दादरला गाडी बदलून, मुलुंडला लेकीकडे पोचती केली. मुलुंडला वीज महावितरणची, बोरिवलीला दुसऱ्या कंपनीची, हेही त्यांनी जाताना मला आवर्जून सांगितलं. दर सहा महिन्यांनी डिस्क परत आणून त्यात नवी भर घालायची असं ठरलं आहे. पुढची फेरी गणपतीच्या आधी आहे.